अर्धा किलो गोश्त, एक किलो बटाटा

मीरा रोडहून विरार लोकल पकडली की भाईंदर सुटल्यावर गाडी खाडीच्या पुलावर येते. डावीकडे खाडीचे तोंड समुद्राला मिळते आणि तिथेच पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला आहे. रोजच्या गर्दीत कोणी मान वळवून बघत नाही. पण आपल्या घरात आठवड्यातून चार वेळा शिजणाऱ्या एका भाजीचे नाव ज्या किनारपट्टीवरून आपल्या तोंडी आले, ती हीच.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. हुमायूनशी त्याचा झगडा चालू होता आणि समुद्राच्या बाजूने त्याला मदत हवी होती. या मुलखात साष्टी बेट होते, म्हणजे आजचे मीरा-भाईंदरही आले. घोडबंदरचा किल्ला, उत्तन-डोंगरीची चर्चे, चौकचा धारावी किल्ला ही त्या काळाची आपल्या महापालिका हद्दीतली निशाणी. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले. दोनशे वर्षांत त्यांच्याकडून आलेले शब्द मात्र कोणी परत केले नाहीत. पाव, चावी, बालदी, घमेले, मेस्त्री, पगार, अननस, पपई, काजू, तंबाखू. आणि बटाटा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांच्या सरहद्दीवरचे तंटे माझ्याकडे रोज येतात. मराठीच्या वहीत एखादे मूल ‘आलूची भाजी’ लिहिते, शेजारचे लगेच ओरडते, "टीचर, याने उर्दू लिहिलं!" मुलांच्या मनात वाटणी पक्की असते: आलू आपला, बटाटा त्यांचा. मोठ्यांच्या मनातही फारसे वेगळे नसते. आता जरा या दोन शब्दांची जन्मपत्रिका बघू या.

‘बटाटा’ मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द. त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता रताळे. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी दोन्ही कंद जहाजात भरले आणि नावांची सरमिसळ करून टाकली. आपल्या किनाऱ्यावर आधी रताळे उतरले असावे. पण त्याला आपण आपले जुने देशी नाव दिले आणि मोकळे राहिलेले परदेशी नाव पुढे आलेल्या बटाट्याने घेतले. गुजरातीत बटाटा, कोकणीत बटाटो, पारशी घरांत पपेटा. पश्चिम किनारा सोडून आत गेलात की हे नाव विरत जाते.

आता ‘आलू’. फारसीत आलू म्हणजे आलुबुखारातला आलू, एक आंबटगोड फळ, बुखाऱ्याचे. बटाट्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या देगचीतला आलू आला संस्कृतातून. आलु, आलुक म्हणजे जमिनीखालचा खाण्याजोगा कंद. मराठीतले अळू त्याच घराण्यातले, आणि रताळे म्हणजे रक्तालू, लाल कंद. तेव्हा ज्या शब्दाला मुले ‘उर्दू’ म्हणून हसतात तो संस्कृत, आणि ज्याला ‘शुद्ध मराठी’ म्हणतात तो पोर्तुगीज खलाशांनी आणलेला, रेड इंडियनांचा. वर्गात हे सांगितले की दोन मिनिटे शांतता असते.

पण मला खरे बोलायचे आहे ते शब्दाबद्दल नव्हे, देगचीबद्दल.

लग्नाच्या दावतीत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते मेन्यूचाच भाग वाटते: "बिर्यानी में आलू डाल दिया, गोश्त बचाया होगा." म्हणणारा हसत म्हणतो, यजमान खाली बघतो. घरीही तेच. पाहुणे अचानक आले की आपली बाई सालनमध्ये चार आलू वाढवते आणि वाढताना माफी मागते, "आज ज़रा आलू ज़्यादा हो गए." शाळेत तर मुले डब्याचे झाकण अर्धेच उघडतात. रोज आलू आणणाऱ्याला चिडवायला एक टोळकेच असते. आलू म्हणजे कमतरता, गोश्त म्हणजे इज्जत, असे गणित कोणी तरी आपल्याला शिकवले आहे. ते गणित आले कुठून ते बघावे, म्हणून जुने कागद चाळू लागले.

सुरुवात शाही स्वयंपाकघरापासून करू, कारण आपल्याला आपला प्रत्येक पदार्थ मुघलांपर्यंत नेण्याची हौस आहे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत अकबराच्या मतबखातील पदार्थ मापांसह दिले आहेत. त्यातला एक ‘दुज्दबिर्यान’: १० शेर तांदूळ, १० शेर गोश्त, साडेतीन शेर तूप, अर्धा शेर मीठ. जेवढा तांदूळ तेवढेच गोश्त! बटाटा कुठेच नाही, मिरचीही नाही. ‘कबुली’ नावाच्या पदार्थात १० शेर तांदळाला ७ शेर गोश्त आणि १ शेर हरभऱ्याची डाळ आहे. म्हणजे गोश्त कमी करून डाळ घातलेला भात बादशहाच्या दस्तरखानावरही होता आणि कोणी त्याची माफी मागत नव्हते.

जहांगीरच्या काळात आसफखानाने इंग्रज वकील सर थॉमस रो याला मेजवानी दिली. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि त्यात पोटॅटो हा शब्द येतो. त्यावरून ‘मुघल दरबारात बटाटा’ असे लेख लिहिले जातात. पण त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यालाही वापरत, आणि बहुतेक अभ्यासक ते रताळेच मानतात. मला यात काही वाईट वाटत नाही. आपल्या आलूला शाही वंशावळ नसली तर नसू दे.

बटाटा गरिबांनी खावा ही कल्पना खरे तर सरकारची. अठराव्या शतकात युरोपातल्या राजांना एक गोष्ट पटली होती: रयत धष्टपुष्ट असेल तर फौज मोठी, कारखाने जोरात. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७५६ मध्ये बटाटा लावण्याचा हुकूमच काढला. रेबेका अर्ल या इतिहासकार बाईंचे ‘फीडिंग द पीपल’ हे पुस्तक २०२० साली आले. त्यात बटाट्याच्या या सरकारी कौतुकाची कहाणी आहे आणि आपल्या देशाचे प्रकरणही. कंपनी सरकारचे साहेब म्हणत, हिंदी माणूस भातावर अवलंबून राहतो म्हणून दुष्काळात मरतो, त्याला बटाटा द्या. कर आणि धान्याचा व्यापार यांबद्दल मात्र साहेब फारसे बोलत नसत. १८२० साली विल्यम कॅरी याने कलकत्त्यात शेती आणि बागायतीची सोसायटी काढली, तशीच मुंबईत १८३० मध्ये निघाली. बियाणे वाटायचे, चांगल्या भाजीला बक्षिसे द्यायची, असा तो कारभार.

आपल्या मुलखात बटाट्याची वाट थोडी वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त रंजक. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळवली आणि तिथे साहेबांसाठी थंड हवेचे ठाणे वसवले. पुढे तिथे एक तुरुंग झाला. त्यात मलाया-सिंगापूरच्या बाजूने पाठवलेले चिनी कैदी होते. या कैद्यांनी डोंगरउतारावर विलायती भाज्या आणि बटाटा पिकवून दाखवला. १८८५ चे सातारा गॅझेटियर महाबळेश्वरच्या बटाट्याचे श्रेय त्यांनाच देते. साम्राज्याने एका टोकाच्या माणसाला बेड्या घालून दुसऱ्या टोकाला आणले आणि त्याने तिसऱ्या टोकाची भाजी लावली. ‘महाबळेश्वरी बटाटा’ म्हणून जो पुढे नावाजला, त्याच्यामागे ही माणसे आहेत. त्यांची नावे कुठे कोरलेली मला दिसली नाहीत.

तिथून पुणे जिल्ह्याच्या खेड, जुन्नर भागात बटाट्याने जम बसवला. आजही आंबेगाव-खेडच्या सीमेवरचे सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. पंजाबहून बियाणे येते, जूनच्या पावसावर लागण होते, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. त्यातला बराच माल वेफर्सवाले उचलतात. आपल्या मीरा रोडच्या बाजारात वर्षभर जो बटाटा येतो तो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमार्गे, बहुतेक आग्रा, इंदूर नाही तर गुजरातेतल्या डीसाचा.

साहेबांनी सांगितले म्हणून गरिबाने बटाटा खाल्ला नाही. तो आपल्या हंडीत, आपल्या मसाल्यात बसतो असे दिसले तेव्हा खाल्ला. हे मला फार महत्त्वाचे वाटते. सगळ्यात गमतीचा मार्ग उपवासाचा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्यापासून साबुदाणा करतात तो टॅपिओकाचा कंद, ही सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. ज्या धान्यांना उपवासात मनाई होती त्यांच्या यादीत या नवख्यांचे नाव असणे शक्यच नव्हते, म्हणून ती थेट देवघराजवळ पोहोचली. आमच्या मजल्यावरच्या काकू चतुर्थीला बटाट्याची भाजी करतात, जिरे, मिरची आणि दाण्याचे कूट घालून. रमजानमध्ये आमच्याकडून त्यांच्याकडे आलूचे समोसे जातात. उलट भाईंदर पश्चिमेला जैन शेजारी बटाट्याला हातही लावत नाहीत, कारण कंद उपटला की झाड मरते आणि त्याच्याबरोबर असंख्य सूक्ष्म जीव. तिथल्या गाड्यांवर जैन वडापाव मिळतो, बटाट्याच्या जागी कच्चे केळे. एकाच महापालिकेच्या हद्दीत एकच कंद कोणाला उपवासाला चालतो, कोणाला इफ्तारला लागतो, कोणाला आयुष्यभर वर्ज्य. मी जैन वडापाव खाऊन बघितला आहे. वाईट नसतो.

आता त्या बदनाम बिर्यानीकडे.

फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह मे महिन्यात कलकत्त्याला पोहोचले. १८५७ च्या उठावात त्यांना फोर्ट विल्यममध्ये ठेवले. सुटल्यावर १८८७ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते हुगळीकाठच्या मटियाबुर्जला राहिले. कलकत्ता बिर्यानीत बटाटा असतो आणि त्याची गोष्ट इथूनच सांगतात. एक गट म्हणतो, पदच्युत नवाबाकडे पैसा नव्हता म्हणून खानसाम्याने गोश्ताची जागा आलूने भरली. दुसरा म्हणतो, छे, बटाटा तेव्हा नवलाचा होता, नवाबांनी शौक म्हणून घातला. नवाबांचे आजचे वंशज दुसरी बाजू मांडतात.

पहिली गोष्ट मला मुळीच पटत नाही. नवाबांना वर्षाला १२ लाख रुपये पेन्शन होती. लहानपणी मटियाबुर्जला राहिलेले अब्दुल हलीम शरर आपल्या ‘गुज़िश्ता लखनऊ’मध्ये सांगतात की नवाबांनी रेशमी पंखांच्या कबुतरांची एक जोडी २४ हजार रुपयांना घेतली होती. कबुतरांवर २४ हजार उडवणारा माणूस बिर्यानीत बोटी मोजत बसेल? पण दुसरी गोष्टही मला अपुरी वाटते. मटियाबुर्जला एकटे नवाब राहत नव्हते. शरर तिथल्या वस्तीचा आकडा चाळीस हजारांच्या घरात सांगतात: शिपाई, नोकर, मुन्शी, कारागीर, माहूत, त्यांच्या बायका-मुले. नवाब गेल्यावर हा डोलारा कोसळला. नवाबाच्या देगमध्ये बटाटा कसाही आला असो, पुढे सव्वाशे वर्षे तो टिकवला तो या माणसांच्या चुलींनी. दर वेळी आपण शाही खानसाम्याचे कारण शोधतो आणि त्या चुली विसरतो. शिवाय साधी पाककलेची गोष्ट आहे. दमाला बसलेल्या देगमध्ये बटाटा तूप, केशर आणि गोश्ताचा रस पिऊन घेतो. मुंबईतल्या मेमन आणि बोहरी घरांत, सिंध्यांच्या बिर्यानीत तो आहेच, आणि त्यांना नवाबाची परवानगी लागली नव्हती.

मुंबईच्या मोहल्ल्यांत आलू कसा रुजला हे समजायला फार ग्रंथ लागत नाहीत, खोलीचे माप घेतले की पुरे. ठाणे, कल्याण, भिवंडीचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलतात आणि त्यांच्याकडे तो आधीपासून बटाटाच. माझी अम्मी त्यांतली. १८५७ नंतर पूर्व उत्तर प्रदेशातून, आझमगढ, मऊ, बनारस, अलाहाबादकडून विणकर अन्सारी मदनपुरा, भिवंडी, मालेगावला आले, ते आलू म्हणत आले. माझे अब्बा त्यांतले. आमच्या घरात म्हणून एकाच टोपलीला दोन नावे होती.

या मंडळींच्या राहण्याची कल्पना करा. दहा बाय दहाची खोली, एक चूल किंवा स्टोव्ह, फ्रीज नाही. गोश्त सकाळी आणून दुपारपर्यंत शिजवलेच पाहिजे. पालेभाजी संध्याकाळी मान टाकते. बटाट्याचे पोते मात्र खाटेखाली महिनाभर पडून राहते आणि रोज थोडे थोडे निघते. कापायला पाच मिनिटे, शिजायला पंधरा. भिवंडी-मदनपुऱ्याच्या कारखान्यांत एकटे राहणारे पुरुष ज्या ‘बिस्सी’त जेवतात, तिथे महिन्याचे पैसे ठरलेले असतात आणि माणसे वाढली तरी देगची तीच राहते. तिथे आलू सालन ही चैन किंवा तंगी नसते, हिशेब असतो. गिरणगावातल्या खानावळीही याच हिशेबावर चालल्या. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात त्या वडापावचाही हिशेब हाच: शिफ्टला पळणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, कमी पैशात, पोटभर. पाव पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, मिरची अमेरिकेची, आणि खाणारा आपला.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली. नया नगर तेव्हा वाढत होते. इथे मदनपुऱ्याची सून, मुरूडची सासू, वरच्या मजल्यावर हैदराबादी, समोर मेमन अशा इमारती तयार झाल्या. खोलीची एक-दीड खोली झाली, फ्रीज आला, पण घराचा हप्ताही आला. जिन्यात वासावरून कोणाकडे काय शिजते ते कळे. आझमगढवाल्यांकडे तहरी, तांदळात हळद-बटाटा-वाटाणा घातलेली. कोकणी घरात बटाट्याची कापे, रवा लावून तव्यावर. कोणाकडे आलू-कीमा, पाव किलो कीमा आणि त्याच्या दुप्पट बटाटा. नोकरी गेलेल्या घरांतही त्या वर्षांत देगची रिकामी राहिली नाही, त्यात या कंदाचा वाटा मोठा आहे. त्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या कोणी जपल्या असत्या तर आपल्या शहराचा तो काळ आपल्याला जास्त नीट कळला असता.

स्वस्त अन्नाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे बटाट्याचे जाहिरातपत्रक होईल. आयर्लंडमध्ये गरीब रयत जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती, कारण चांगली जमीन आणि धान्य जमीनदारांचे होते. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला, पुढची काही वर्षे पीक सडत राहिले आणि सुमारे १० लाख माणसे मेली. तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४७ मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी १ हजार पौंड मदत पाठवली, त्याची नोंद आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर १० हजार पौंड आणि धान्याची जहाजे यांची कथा फिरते. ती आयर्लंडमध्येही आवडीने सांगतात, पण पक्का कागद एक हजाराचाच. कलकत्त्यातूनही आयर्लंडसाठी वर्गणी गेली होती, हे मात्र आपल्याकडे कोणी फॉरवर्ड करत नाही. मुद्दा असा की माणसे बटाट्याने मेली नाहीत, बटाट्याखेरीज दुसरे काही हाती राहू दिले नाही म्हणून मेली. आपल्या देशात आज वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त बटाटा पिकतो, चीनच्या खालोखाल. पण शंभर ग्रॅम बटाट्यात जवळजवळ ८० ग्रॅम पाणी आणि प्रथिने जेमतेम २ ग्रॅम. मुलांना नुसता आलू-पाव देऊन भागत नाही. सोबत मसूर, अंडे, चणे, मेथी, काहीतरी हवेच. आपल्या जुन्या बायकांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. आलू-अंडा, आलू-मेथी, दाल-चावलबरोबर आलू भुजिया, अशा जोड्या उगाच बनलेल्या नाहीत.

आता प्रत्यक्ष हिशेब, कारण या विषयावर लिहायला सांगणाऱ्या बहुतेक बहिणींनी तोच विचारला आहे. आठ माणसे घरात आहेत असे धरा. मटण किलोला आठशेच्या आसपास आहे. प्रत्येकाला चार बोट्या द्यायच्या तर दीड-दोन किलो आणावे लागेल, म्हणजे नुसत्या गोश्ताचे बारा-सोळाशे. अर्धा किलो आणलेत तर चारशे. त्यात नऊ-दहा बोट्या निघतात, हाडासकट घ्या, शोरब्याला जान हाडाने येते. एक किलो बटाटे तीस-चाळीस रुपयांना. मध्यम आकाराचे आठ-दहा भरतात, त्यांचे दोन दोन तुकडे केले की ताटात माणशी एक बोटी आणि दोन तुकडे. कांदा, टोमॅटो, आले-लसूण, तेल, मसाला धरून साडेपाचशेत आठ जण जेवतात.

पण आलू-गोश्त बिघडते ते पैशामुळे नाही, घाईमुळे. बटाटा गोश्ताबरोबर सुरुवातीलाच कुकरमध्ये टाकला की विरघळतो आणि सालन लापशी होते. कांदा लाल करा, आले-लसूण, धणे, हळद, तिखट घालून गोश्त तेल सुटेपर्यंत भुना, पाणी घालून तीन हिस्से शिजू द्या, मग बटाटा. टोमॅटो किंवा दही जास्त असेल तर बटाटा शिजायला वेळ घेतो, आंबट त्याला घट्ट धरून ठेवते. म्हणून ज्यांना अख्खे तुकडे आवडतात त्यांनी टोमॅटो आधी घालावा. पातळ सालन दाट करायचे असेल तर एक तुकडा पळीने देगचीच्या कडेला चिरडून मिसळा, काजू-खसखसीचा खर्च वाचतो. मीठ बटाटा घातल्यावर पुन्हा चाखा, तो बरेच शोषून घेतो. नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्याने निघते, तो सालनला चांगला. जुना, पिठूळ, भरत्याला आणि समोशाला. हिरवी झाक आलेला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य असते, शिजवून ते जात नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासाठी गोश्ताशिवायचे. तहरीला तीन वाट्या तांदूळ, चार बटाटे, मूठभर वाटाणे, दोन कांदे, अख्खा गरम मसाला आणि हळद. बटाटा आधी तेलात लालसर परता, ती पायरी टाळू नका, सगळी चव तिथे आहे. सोबत लसणाची चटणी आणि ताक. आलू का भरता करताना उकडलेला बटाटा हाताने मोडा, मिक्सरमध्ये फिरवलात तर चिकट डिंक होतो. कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून चमचाभर मोहरीचे तेल. आमच्या मराठी शेजारणींकडून मी बटाट्याच्या काचऱ्या शिकले, पातळ चकत्या, राई-हिंगाची फोडणी, झाकण न ठेवता. शाळेच्या डब्यात चपातीबरोबर याहून सोपे काही नाही, आणि दुपारपर्यंत आंबतही नाही.

आणि आलू-गोश्त उरलेच, जे आठ माणसांत क्वचित होते, तर दुसऱ्या दिवशी बोट्यांची वाट बघू नका. उरलेल्या आलूसकट शोरबा गरम करा, शिळ्या रोट्यांचे तुकडे त्यात सोडा, झाकण ठेवून दहा मिनिटे मंद आचेवर राहू द्या, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. आमच्या घरी मुले त्यासाठी मुद्दाम सालन उरवतात.